मुक्ताबाईचा पाहुणा, विजयमालेचा पाहुणा

कुंडलच्या शिवारात भांगलणीला बसलेल्या बायकांची रांग बांधावरून बघितली तर सगळ्या एकसारख्याच. डोक्यावर पदर, हातात खुरपं, उन्हाला दिलेली पाठ. पण कुणी जरा टेकून पाच मिनिटं बघितलं असतं तर त्याच्या ध्यानात आलं असतं, की मधोमध बसलेली एक बाई खुरपं नावालाच चालवते, तोंड मात्र तिचं अखंड चालू आहे, आणि तरीही ती मागे पडत नाही. मागे पडेल कशी? तिच्या दोन्ही अंगांच्या बायका आपापली पात ओढता ओढता तिच्याही पातीतलं गवत काढून पुढं सरकत होत्या. पात म्हणजे एकेकीच्या वाट्याला आलेली रानाची पट्टी. आपली पात आपण ओढायची, हा सगळ्यांना लागू असलेला कायदा. मधल्या पातीला मात्र तो लागू नव्हता, कारण मधली पात गोष्ट सांगणारीची.

ही रीत कुणी घातली ते कुणाला ठाऊक नव्हतं. आज हंबीररावाच्या रानात, उद्या केरबाच्या, परवा तानुबाईच्या, अशी सावडीनं एकमेकींची भांगलण करणाऱ्या त्या दहा-बारा बायका होत्या. आधी मधल्या पातीवर हरणाबाई नावाची म्हातारी बसायची आणि राजा-राणीच्या कहाण्या सांगायची. ती गेली आणि ती जागा मुक्ताबाईकडं आली. मुक्ताबाई म्हणजे केरबाची बायको. हाडापेरानं मोठी, आवाज भरदार, आणि डोकं असं की एकदा बघितलेला पिक्चर रिळासकट पाठ. राजा-राणीचा तिला कंटाळा होता. दिवाळीनंतर बाजारतळावर सिनेमाचा तंबू पडला की ती केरबाला पुढं घालून जायची. केरबा पहिल्या गाण्याला झोपायचा तो जन-गण-मनला उठायचा. ही मात्र पापणी लवू द्यायची नाही. दुसऱ्या दिवसापासून तो पिक्चर रानात चालू. तंबूतला पिक्चर तीन तासांत संपायचा, मुक्ताबाईचा चार-चार दिवस पुरायचा.

खरं सांगायचं तर त्या मधल्या पातीपलीकडं तिला दुसरं काही मिळालंच नव्हतं. पोरबाळ नव्हतं. घरात केरबा दिवसाकाठी दहा शब्द बोलायचा, त्यातले चार बैलांशी. पण रानात बसली की दहा-बारा बायका तिच्या तोंडाकडं बघत बसायच्या, तिनं रडवलं की रडायच्या, हसवलं की हसायच्या. डाव्या अंगाला नेहमी तानुबाई, तिची जिवाची मैत्रीण. पंधरा वर्षं तिनं मुक्ताबाईची अर्धी पात ओढली आणि कधी ब्र काढला नाही.

बासष्ट साली तंबूत ‘शुक्र का मेहमान’ लागला आणि मुक्ताबाईचं नशीबच फळफळलं. असला पिक्चर गावानं बघितला नव्हता. शुक्राच्या चांदणीवरनं एक गडी अग्निबाणात बसून येतो आणि मुंबईजवळच्या एका शेतात उतरतो. अंगात पत्र्याचा अंगरखा, कपाळावर दिवा. एका प्रोफेसराची पोरगी, रजनी, त्याला घरात लपवून ठेवते. प्रोफेसराचा मदतनीस काळा चष्मा लावणारा, मनानंही काळाच. त्याला अग्निबाण चोरायचा असतो. शेवटी चष्मेवाला अग्निबाणाच्या जाळात पडून मरतो, आणि पाहुणा रजनीला म्हणतो, आठ दिवसांत परत येतो. एवढं बोलून उडून जातो, आणि रजनी टेकडीवर उभी. तिथंच पिक्चर खलास.

बायकांना हा शेवट अजिबात रुचला नाही. आला का नाही तो परत, असं त्या रोज विचारायला लागल्या. मुक्ताबाईनं दोन दिवस दम धरला आणि तिसऱ्या दिवशी पाहुण्याला परत आणला. तिच्या पाहुण्यानं येताना शुक्रावरची साडी आणली, जी अंधारातही चमकते. सासूनं, म्हणजे पाहुण्याच्या आईनं, सून बघायला दुसरा अग्निबाण पाठवला. लग्न लागलं, बँड वाजला, वरात उडत गेली. तीन वर्षं हा पुढचा भाग वाढतच होता. रजनीला दिवस गेले, पोराच्या कपाळावर बारीकसा दिवा निघाला, बारशाला प्रोफेसर चांदणीवर जाऊन आला. बायकांनी हे सगळं खरं धरलं. मुक्ताबाईनंही धरलं होतं, म्हटलं तरी चालेल.

पासष्टच्या उन्हाळ्यात तानुबाईचा मुलगा नाथाजी, फौजेतला, त्याचं लग्न झालं. सून आली सांगली शहरातली. विजयमाला तिचं नाव. सातवी शिकलेली, बारीक चणीची, बोलणं हळू. नाथाजी सुट्टी संपवून गेला, लढाई झाली, तो सुखरूप असल्याचं पत्र आलं. दिवाळीला सून माहेरी जाऊन आली आणि सावडीत बसायला लागली. तिला खुरपं धरता येत नव्हतं. बायकांनी तिला दोन-चार दिवस हसून घेतलं, आणि मग शिकवलं. मुक्ताबाईनंच शिकवलं. तिथवर सगळं नीट होतं.

मार्गशीर्षात हंबीररावाच्या गव्हात भांगलण चालली होती. मुक्ताबाईचा पाहुणा पोराच्या जावळाला पृथ्वीवर निघाला होता. तेवढ्यात विजयमाला हळूच म्हणाली, “काकी, पण दुसऱ्या भागात तसं नाहीये. मी दिवाळीत भावाबरोबर सांगलीला बघितला. ‘शुक्र का मेहमान फिर आया’. त्यात लग्न होतच नाही.”

रांगेतली खुरपी थांबली. मुक्ताबाईला पहिल्यांदा काही कळेचना. दुसरा भाग म्हणजे काय? दुसरा भाग तर तिचा होता. मग बायका विजयमालेकडं वळल्या, आणि मुक्ताबाईकडं त्यांची पाठ झाली.

विजयमाला सांगायला लागली. तिला सांगता येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. मागचं पुढं व्हायचं, नावं विसरायची, मधेच ‘थांबा हं’ म्हणून आठवत बसायची. मुक्ताबाईनं एका पाहुण्याच्या उतरण्यावर अर्धा दिवस काढला असता, हिनं दोन वाक्यांत उतरवला. पण हिच्याजवळ एक गोष्ट होती आणि ती मुक्ताबाईजवळ नव्हती. हिनं तो बघितला होता. आपलं सांगणं कितीही देखणं असलं तरी ते आता गप्पा झालं, आणि या पोरीचं अडखळत सांगणं बातमी झालं, हे मुक्ताबाईला त्याच दिवशी कळलं. उजव्या अंगाची चंद्राबाई ऐकता ऐकता विजयमालेच्या पातीतलं गवत काढायला लागली. चार-दोन काड्याच काढल्या असतील. मुक्ताबाईनं त्या प्रत्येक काडीची मनात नोंद केली, आणि पाहुणा रानात उतरला तिथंच पोरीला थांबवून पुढचं सांगायची पाळी तिच्यावर पुन्हा येऊ दिली नाही.

त्या दिवसापासून तिला सुनेचं काहीच बघवेना. तिचा पदर घेणं बघवेना, हळू बोलणं ऐकवेना, तिच्या चपला बघवेनात. घरी येऊन केरबाला म्हणाली, शहरातल्या पोरींना लय शानपण असतंय. केरबा हूं म्हणाला. तिनं तेच बैलांना सांगितलं असतं तरी तेवढंच उत्तर मिळालं असतं. आपण एका लेकीच्या वयाच्या पोरीवर जळतोय हे तिला कळत होतं. कळत होतं म्हणून जळायचं थांबलं नाही.

पौषात तंबू पडला. तिसऱ्या दिवशी बैलगाडीवरच्या कर्ण्यातून आरोळी आली, शुक्र का मेहमान फिर आया, और एक रील रंगीन. मुक्ताबाई त्या संध्याकाळी दिवस मावळायच्या आत कनातीतून आत शिरून बायकांच्या बाजूला अगदी पुढं जाऊन बसली. नाटकाचा न्यायनिवाडा करायला बसलेल्या माणसासारखी. तो पिक्चर वाईट निघावा एवढी एकच इच्छा घेऊन ती आली होती, आणि देवानं निम्मी ऐकली.

निम्मी म्हणजे काय, तर त्यात दोष रग्गड होते. चष्मेवाला, जो मागच्या भागात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जळून मेला, तो या भागात ठणठणीत. कसा वाचला, कुणी वाचवला, एका शब्दानं नाही. अग्निबाण तोच जुना, आणि तो उडताना वरची दोरी या खेपेला स्पष्ट दिसली. मागच्या भागातली दोन-तीन दृश्यं तशीच उचलून पुन्हा दाखवली होती. मधेच घुसवलेलं एका आचाऱ्याचं गाणं संपता संपेना. रजनीला म्हातारी करायची म्हणून तिच्या केसांना पीठ फासलं होतं, आणि ती मान हलवेल तसं ते खांद्यावर सांडत होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेवट. पाहुणा येतो, त्याला कळतं की पृथ्वीवर वीस वर्षं गेली. तो रजनीच्या दारात येतो. आणि लगेच पुढच्या क्षणी दार बंद, आतून रजनी म्हणते, ती रजनी मेली. पाहुणा उडून जातो. का म्हणते, कशासाठी म्हणते, काही पत्ता नाही. एक उडी मारून पिक्चर संपला. रंगीत काही दिसलंच नाही.

पण उरलेलं निम्मंही मुक्ताबाईनं बघितलं, तिला न बघून चालत नव्हतं. पाहुणा उतरतो ते रान. दुष्काळानं भेगाळलेलं, आणि त्या भेगांत त्याच्या कपाळावरच्या दिव्याचा उजेड पडतो. दिवा आता मंद झालेला. तिथं एक म्हातारा शेतकरी त्याला बघून घाबरत नाही, नुसतं पाणी पाहिजे का विचारतो. मुक्ताबाईच्या तीन वर्षांच्या वरातीत, बारशात, जावळात एवढं खरं एकदाही आलं नव्हतं. तिला हे कळलं आणि तिनं ते तिथंच कनातीत गाडून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तानुबाईच्या रानात तिनं पिक्चरची सालटी काढली. पीठ सांडताना तिनं असं दाखवलं की बायका खुरपी टाकून हसल्या. चष्मेवाला भुतासारखा उठलेला दाखवला. वीस वर्षं हा मेला कुठं शेण खात होता, आणि ही बया कुठली बिनडोक, दारात आलेल्याला घालवून देती, असं सगळं. दुष्काळातल्या रानाबद्दल ती बोलली नाही. मग ती विजयमालेकडं वळली.

विजयमाला हळूच म्हणाली की मध्ये बरंच आहे, पाहुणा त्याच्या चांदणीवर काय करत होता ते आहे, ते रीळ तर सगळं रंगीत आहे, आणि दाराआड रजनी काय करते तेही आहे. ते बघितलं की शेवट पटतो.

“मी म्होरं बसून बघिटलंय,” मुक्ताबाई म्हणाली. “येक रंग दिसला न्हाई मला. गावात तंबू आला न्हाई तवर काय बी सांगिटलंस, आमी ऐकून घेतलं. आता तरी खरं बोल.”

बाकीच्या तीन-चार बायकांनीही तंबूत बघितला होता. त्यांनाही रंग दिसला नव्हता. त्यांनी माना डोलावल्या. विजयमालेनं पुन्हा सांगायचा प्रयत्न केला तेव्हा तानुबाई म्हणाली, गप बस, लाज आणलीस. सासूचा तो आवाज सगळ्यांनी ऐकला. त्या दिवसापासून विजयमालेला रांगेच्या अगदी टोकाला, बांधाकडची पात मिळायला लागली. बांधाकडं हरळी माजलेली असते, तिची मुळं हात-हात खोल, ओढता ओढता तळहाताला फोड येतात. ती पोरगी दिवसभर मागे राहायची, आणि तिला ओढून घ्यायला कुणी जायचं नाही.

मुक्ताबाईला आनंद झाला. झाला म्हणजे झाला, लपवण्यात अर्थ नाही. पण तो तिला पुरेना. सावडीत मान खाली घालून बसलेली ती पोरगी अजून ‘खोटं बोलले’ असं म्हणत नव्हती. तेवढं तिच्या तोंडून वदवून घ्यावं, म्हणजे ते प्रकरण गाडून टाकता येईल, असं मुक्ताबाईच्या मनानं घेतलं. म्हणून तंबू उठायच्या आदल्या दिवशी, ऊन कलल्यावर, ती एकटीच बाजारतळावर गेली. मशीन चालवणारा भाऊसो तंबूच्या सावलीत बसून फिल्म पुसत होता. तिनं त्याला सरळ विचारलं की या पिक्चरमध्ये रंगीत रीळ नाही ना, मग उद्या चार बायकांसमोर येऊन तेवढं सांग.

भाऊसोला वाटलं, ही तिकिटाबद्दल भांडायला आली. त्यानं इकडंतिकडं बघितलं.

“आवं मावशी, हळू बोला. व्हतं की. कोरेगावच्या मुक्कामात मशीनीत अडकून जळालं. त्येच्या म्होरलं बी येक जळालं. शेवटाकडची दोन रिळं गेली. मालक म्हनला, तशीच जोडून दाव, खेड्यात कुनाला कळतंय.”

मुक्ताबाई घरी आली. केरबानं विचारलं कुठं गेली होतीस, तर म्हणाली, कुठं न्हाई. विजयमाला खरं बोलत होती, आणि हे गावात एकट्या मुक्ताबाईला ठाऊक होतं. उद्या तंबू लोणंदला जाणार, भाऊसो जाणार, त्या दोन जळक्या रिळांची गोष्टही त्याच्याबरोबर जाणार. तिनं तोंड मिटून घेतलं की काम झालं. तिनं मिटून घेतलं.

पहिले दोन दिवस सोपे गेले. मधल्या पातीवर बसून तिनं नवा पिक्चर काढला, बायका पुन्हा तिच्या झाल्या. पण सांगताना तिचं लक्ष उडायला लागलं. टोकाला वाकलेली ती पोरगी तिला दिसायची, हाताला चिंधी बांधलेली. एकदा नळावर भेट झाली तेव्हा तानुबाईनं सांगितलं, की घरात आता सुनेशी बोलणं बंद केलंय, नाथाजीला लिहायचं पत्रसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घेतलं, खोटारड्या पोरीच्या हातचं नको म्हणून. मुक्ताबाई घागर भरत राहिली. वाईट वाटलं, पण वाईट वाटून तिनं तोंड उघडलं असतं असं मला वाटत नाही. असल्या वाईट वाटण्यावर माणूस महिना-दोन महिने सहज काढतं.

तिला वेगळ्याच गोष्टीनं खाल्लं. त्या दोन रिळांत होतं काय? पाहुणा वीस वर्षं कुठं होता? दारात उभा राहिलेला असताना आत रजनी काय करत होती? मुक्ताबाईनं आयुष्यात गोष्टींत पडलेली भोकं स्वतः बुजवली होती. हेही बुजवायला बसली. पाहुण्याला तुरुंगात टाकलं, आजारी पाडलं, दुसरी बायको करून दिली. रजनीला शाप दिला. काही बसेना. तिनं काही ठेवलं की ते दुष्काळातलं रान डोळ्यांपुढं यायचं आणि तिचं ठेवलेलं तिलाच पोकळ वाटायचं. ज्यानं ते रान दाखवलं त्यानं तिथं काहीतरी खरं ठेवलं असणार, आणि ते खरं, साऱ्या कुंडलात फक्त एका माणसाला माहीत होतं. भाकरी थापताना तिचा हात थांबायचा. म्हैस पान्हा चोरायला लागली, कारण हिचं धारेकडं ध्यान नसायचं. जळत तर ती आधीपासूनच होती, पण आता त्या पोरीच्या चपला-पदरावर नाही, तिच्या डोक्यात जे होतं त्यावर जळत होती.

तेराव्या दिवशी सावड केरबाच्या रानात होती, म्हणजे मुक्ताबाईच्याच. कांद्याची भांगलण. बायका बसल्या, मध्ये जागा ठेवली. मुक्ताबाई बसली. चंद्राबाई म्हणाली, हां, काल कुठवर आलं होतं? मुक्ताबाईनं खुरपं जमिनीत रोवलं आणि मान वर न करता म्हणाली,

“विजी खरं बोलत व्हती. रंगीत रीळ व्हतं. कोरेगावात जळालं. तंबूवाल्यानं मला सांगिटलंय. तेरा दिस झालं.”

पहिल्यांदा कुणाला उमगलं नाही. मग उमगलं. तानुबाईनं विचारलं, “तेरा दिस तू गप बसलीस?” मुक्ताबाई व्हय म्हणाली. का, असं तानुबाईनं विचारलं. मुक्ताबाईनं सांगून टाकलं की मला बघवत न्हवतं, माझी जागा जाईल म्हणून गप बसले. एवढं सरळ उत्तर मिळेल असं तानुबाईला वाटलं नव्हतं. भांडायची तयारी करून ती श्वास भरून बसली होती, तो श्वास तसाच राहिला. तिनं आपलं खुरपं उचललं, आपल्या पातीत घातलं, आणि मुक्ताबाईच्या अर्ध्या पातीला हात न लावता पुढं निघून गेली. दुसऱ्या अंगाला चंद्राबाईनंही तेच केलं. रांग पुढं सरकली. केरबाच्या रानात मुक्ताबाई एकटी मागे राहिली, न काढलेल्या गवतात.

तिला वाटलं होतं की खरं बोलल्यावर हलकं वाटेल. काही हलकं वाटलं नाही, नुसती लाज वाटली, आणि लाजेच्या खालून तेच पुन्हा वर आलं, की त्या रिळांत होतं काय. मग ती उठली, रांगेच्या मागून चालत बांधाकडं गेली, आणि विजयमालेच्या पातीत तिच्या समोर बसून हरळीची मुळं उपटायला लागली.

विजयमालेनं वर बघितलं नाही. तिनं बोलावं असं मुक्ताबाईनं काय केलं होतं? दोघी तशाच ओढत राहिल्या. मुक्ताबाईचे हात या कामाचे उरले नव्हते, पंधरा वर्षांत ते मऊ पडले होते. अर्ध्या पातीला पहिला फोड आला, थोड्या वेळानं फुटला. ती थांबली नाही. पाण्याची सुट्टी झाली, बायका उठून विहिरीवर गेल्या, परत आल्या. ऊन डोक्यावर आलं. शेवटी मुक्ताबाईच म्हणाली,

“माफी मागाय आले न्हाई मी. ती मागीन, तुझ्या सासूम्होरं मागीन, तू म्हनशील तिथं. पर मला जेवन जाईना झालंय. त्यो वीस वर्सं कुटं व्हता?”

विजयमालेनं खुरपं खाली ठेवलं. हातावरची चिंधी सोडून पुन्हा बांधली. तिला ते सांगायचं नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. आणि तिला ते सांगायचंही होतं, तेही दिसत होतं. पिक्चर बघून आलेल्या माणसाला दोन महिने गप्प बसवलं की दुसरं काय होणार?

“तो कुठंच नव्हता काकी,” ती म्हणाली. “तो घाईच करत होता.”

आणि तिनं सांगितलं. नेहमीसारखं अडखळत, मागचं पुढं करत. दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याला मागचं आठवतं, आणि ते रीळ रंगीत असतं कारण ते शुक्रावरचं असतं. आभाळ गुलाबी, झाडं निळी. पाहुणा घरी पोचतो आणि लगेच परतीची तयारी करायला लागतो. आई जेवायला वाढते, तो उभ्या उभ्या दोन घास खातो. झोपत नाही. आठ दिवस सांगून आलोय म्हणतो, आठव्या दिवशी तिथं असलंच पाहिजे. आणि आठव्या दिवशी तो निघतो, एक तासही उशीर करत नाही. पण तिथला एक दिवस म्हणजे आपली अडीच वर्षं. त्याला हे माहीतच नसतं. आणि इकडं दुसऱ्या रिळात तो दार वाजवतो तेव्हा रजनी खिडकीच्या फटीतून बघते, तर तो होता तसाच. एक केस पिकलेला नाही. ती आरशाकडं जाते, परत येते. दाराच्या कडीवर हात ठेवते आणि तो हात बघते. हातच बघत राहते. मग ती पाठ टेकून दाराशी बसते आणि आतून म्हणते, ती रजनी मेली.

एव्हाना रांग थांबली होती. बायका वळून बसल्या होत्या, तानुबाईसुद्धा. चंद्राबाईनं पदर डोळ्याला लावला होता. विजयमाला आता त्यांच्याकडं बघून सांगत होती, आवाज थोडा मोठा झाला होता, आणि मुक्ताबाईकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

मुक्ताबाई ऐकत होती. एखादी चूक सापडावी म्हणून तिनं कान टवकारले होते, शेवटपर्यंत टवकारले होते. चूक नव्हती. पीठ सांडत असेल सांडू दे, दोरी दिसत असेल दिसू दे, तो मेलेला चष्मेवाला पाहिजे तितक्यांदा उठू दे. कुणाचाच दोष नाही आणि दार बंद, हे तिला तीन वर्षांत सुचलं नव्हतं आणि तीस वर्षांतही सुचलं नसतं. ती पुन्हा जळली. त्या पिक्चरवर, तो करणाऱ्यावर, तो बघायला मिळालेल्या या पोरीवर.

विहिरीकडून केरबानं जेवायची हाक दिली. बायका उठायला लागल्या. तेव्हा मुक्ताबाई सगळ्यांवर खेकसली, “बसा गं खाली. हिचं सांगून झालं न्हाई अजून.”

बायका बसल्या. मग ती विजयमालेला म्हणाली, दारापाशी बसल्यावर ती रडली का न रडता बोलली, तेवढं नीट आठवून सांग. आणि रक्ताळलेल्या हातानं तिनं विजयमालेच्या पातीतलं पुढचं मूळ धरलं.